वाचक विचारतात : बॅटमॅन, तू रोज वेगळ्या रंगाचे कपडे का घालतोस?

गेल्या अंकात याच पानावर सुपरमॅनची १९५८ सालची एक गोष्ट थोडक्यात सांगितली होती. त्याच्या तळहातातून वीतभर उंचीचा दुसरा सुपरमॅन निघतो, सगळी कामं तोच करतो, लोक त्या छोटूचं कौतुक करतात आणि मोठा सुपरमॅन त्याच्यावर चक्क जळतो. ही गोष्ट विनोदी म्हणून लिहिलेलीच नाहीये एवढंच मी म्हटलं होतं, तर त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की आजचं पूर्ण सदर त्यालाच देतेय. ज्यांनी गुडघेदुखी आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा प्लीज.

प्रश्न : ताई, हे लोक खरंच एवढं सिरियसली लिहायचे का? मला तर वाटतं ऑफिसात बसून मुद्दाम टवाळक्या करत असणार. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : टवाळक्या कसल्या, पोटाचा धंदा होता तो. असं बघा, त्या काळी अमेरिकेत कॉमिक्स मिळायचं पेपरच्या स्टॉलवर नाहीतर औषधांच्या दुकानात, किंमत दहा सेंट, १९६२च्या सुमारास बारा सेंट झाली. आठ-दहा वर्षांचं पोरगं, हातात सुटे पैसे आणि समोर कॉमिक्सची ही भलीमोठी रांग, त्यातलं कुठलं घ्यायचं ते तो फक्त मुखपृष्ठ बघून ठरवणार. म्हणून सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीतले संपादक बरेचदा आधी मुखपृष्ठच ठरवायचे, जितकं अचाट तितकं चांगलं, आणि मग लेखकाला बोलावून सांगायचे की बाबा रे आता याला गोष्ट लाव. ज्युलियस श्वार्ट्झ नावाचा संपादक यात एकदम पोचलेला होता. सुपरमॅनची कॉमिक्स बघणारा मॉर्ट वाइसिंगर तर शेजारपाजारच्या पोरांना विचारायचा की तुम्हाला काय बघायला आवडेल, आणि पोरं सांगतील ते मोठमोठे लेखक मान खाली घालून लिहायचे.

गोरिलाचा किस्सा ऐकलाय का? १९५१ला 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स'च्या आठव्या अंकावर एक गोरिला दाखवला, पिंजऱ्यात, हातात पाटी धरून कुणा रूथला विनवतोय की माझ्यावर विश्वास ठेव, मी एका भयानक वैज्ञानिक प्रयोगाचा बळी आहे. अंक धडाक्यात खपला. का खपला हे कुणालाच कळेना, मग त्यांनी आणखी एक गोरिला टाकून बघितला, तोही खपला, मग काय, ज्याला त्याला गोरिला पाहिजे. शेवटी म्हणे नियम करावा लागला की महिन्याला एकाच मुखपृष्ठावर गोरिला, जास्त नाही. श्वार्ट्झ हे स्वतः सांगायचा. १९६६मधे सुपरमॅनचा दोस्त जिमी ऑल्सन एका गोरिलीशी लग्न करतो ते काय उगाच नाही, त्यामागे पंधरा वर्षांचा खपाचा अनुभव आहे!

दुसरं कारण म्हणजे १९५४चा कॉमिक्स कोड. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहिलं की कॉमिक्समुळे पोरं बिघडतात, मग सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या, प्रकाशक घाबरले आणि त्यांनी स्वतःच स्वतःवर नियमावली लादून घेतली. शीर्षकात 'हॉरर' शब्द नको, व्हॅम्पायर नको, प्रेतं उठून चालायला नकोत, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, पोलिसांची टिंगल नको, शेवटी विजय चांगल्याचाच. आता सांगा, ज्या बॅटमॅनचा सगळा संसार खुनी आणि दरोडेखोरांवर चाललेला त्याने करायचं काय? तर त्याने लहान बाळ व्हायचं, परग्रहावर जायचं, झेब्र्यासारखे पट्टे अंगावर घेऊन फिरायचं. हे तिन्ही झालंय हां, गंमत नाही करत. पट्टे १९६०, बाळ १९६२.

प्रश्न : आजवर वाचलेलं सगळ्यात येडं कारण कुठलं? म्हणजे हिरो काहीतरी विचित्र करतो आणि शेवटी त्याचं स्पष्टीकरण येतं तसं. (एक कॉलेजवाली, पुणे)

उत्तर : एका सेकंदात सांगते. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' अंक २४१, मार्च १९५७, 'रेनबो बॅटमॅन'. मुखपृष्ठावर बॅटमॅन भडक गुलाबी पोशाखात, मागे कपाटात हिरवा, पिवळा, केशरी असे बाकीचे सूट टांगलेत, आणि रॉबिन बिचारा काकुळतीला येऊन विचारतोय की तू रोज रात्री वेगळ्या रंगाचा पोशाख का घालतोस? त्यावर बॅटमॅन म्हणतो, मला घालावाच लागेल रॉबिन, घालावाच लागेल! चेहरा असा की घरात कुणीतरी गेलंय.

आता कारण ऐका. रॉबिन म्हणजे घरातला डिक ग्रेसन, त्याने लोकांच्या देखत एका लहान मुलीला वाचवलं आणि त्यात त्याच्या हाताला लागलं. लोकांनी पाहिलं की डिकचा हात दुखावलाय. आता रॉबिन म्हणून बाहेर पडला आणि त्याचाही तोच हात दुखावलेला दिसला तर लोक दोन अधिक दोन करणार. यावर जगातल्या सर्वश्रेष्ठ डिटेक्टिव्हने काढलेला उपाय काय, तर आपण इतके झगमगीत कपडे घालायचे की सगळे आपल्याकडेच बघत बसतील, रॉबिनच्या हाताकडे कुणाचं लक्षच जाणार नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच! पोराला हात बरा होईपर्यंत घरी बसवून पेज पाजली असती तर गोष्ट एका पानात संपली असती, पण मग त्या गुलाबी मुखपृष्ठाचं काय करणार, ते तर आधीच ठरलेलं असणार.

पण मला यात जी गंमत वाटते ती कपड्यांची नाहीच. गोष्ट वाचताना कुठेही लेखक डोळा मारत नाही. रहस्य नीट बांधलंय, मधे मधे रॉबिनचा गोंधळ आहे, शेवटी उलगडा आहे, आणि एकदा का तुम्ही पहिली भंकस मान्य केली की पुढचं सगळं तर्काला धरून आहे, एखादा सीए रिटर्न भरतो तितकं नीटनेटकं. मला हसू येतं ते त्या नीटनेटकेपणाचं. चित्रं शेल्डन मोल्डॉफची, जो त्या काळात बॅटमॅनचा जनक म्हणून नाव लागणाऱ्या बॉब केनच्या नावाने पडद्यामागे राहून चित्रं काढायचा, म्हणजे ज्याने एवढे रंगीबेरंगी सूट काढले त्याचं स्वतःचं नाव कुठेच नाही. असो.

प्रश्न : बॅटमॅनच्या कुत्र्याला मास्क का? कुत्र्याला कोण ओळखणार? (इयत्ता आठवी, सातारा)

उत्तर : अरे बाळा, त्याचंही उत्तर दिलंय त्यांनी. एस नावाचा हा कुत्रा १९५५ला आला. त्याच्या कपाळावर चांदणीच्या आकाराचा ठळक डाग असतो, आणि ब्रूस वेनने, म्हणजे मास्क नसलेल्या बॅटमॅनने, आधीच जाहिरात दिलेली असते की असा असा कुत्रा सापडलाय, मालकाने घेऊन जावा. म्हणजे तोच कुत्रा बॅटमॅनबरोबर दिसला तर संपलंच की सगळं! म्हणून मास्क. विचार केलेला होता बरं का. बॅटमॅन आणि कुत्रा एकाच बंगल्यातून बाहेर पडतात हे कुणाला दिसत नाही, पण डाग दिसेल याची काळजी.

सुपरमॅनकडे तर पूर्ण गोठाच होता. क्रिप्टो कुत्रा, स्ट्रीकी मांजर, बेप्पो माकड, कॉमेट घोडा, सगळ्यांना पाठीवर केप. १९६२ला या सगळ्यांची मिळून एक टीमसुद्धा काढली. कॉमेट हा घोडा मुळात ग्रीक पुराणातला शापित प्राणी होता आणि तो सुपरगर्लच्या प्रेमात वगैरे होता, पण तू आठवीत आहेस, ते राहू दे.

प्रश्न : नुसता चष्मा घातला की सुपरमॅन ओळखू येत नाही, यावर कुणीच कधी प्रश्न विचारला नाही का? माझा सहा वर्षांचा नातूसुद्धा हसतो. (एक आजोबा, डोंबिवली)

उत्तर : आजोबा, विचारला ना, चाळीस वर्षं विचारत होते लोक. सुपरमॅन आला जून १९३८च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी तो तयार केला आणि हक्क विकले १३० डॉलरला. (ही गोष्ट मात्र अजिबात हसण्यासारखी नाही.) चष्मा लावला की तो पेपरच्या ऑफिसातला क्लार्क केंट होतो, आणि तेव्हापासून लॉइस लेन त्याच्याच ऑफिसात, त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून सुपरमॅन कोण हे शोधतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला संशय येतो, ती चोरून त्याचे केस कापायला बघते, सापळे लावते, आणि तो दरवेळी यंत्रमानव किंवा बॅटमॅनला क्लार्कचा वेष देऊन सुटतो.

शेवटी डिसेंबर १९७८च्या 'सुपरमॅन' अंक ३३०मधे अधिकृत स्पष्टीकरण आलं, आणि तेही एका वाचकाने सुचवलेलं. काय, तर तो चष्मा साधा नाहीच, ज्या यानातून तो बाळ म्हणून पृथ्वीवर आला त्याच्या काचेचा आहे. सुपरमॅनच्या डोळ्यांत नकळत संमोहनाची शक्ती आहे, ती त्या काचेतून वाढून बाहेर पडते, आणि समोरच्याला क्लार्क हा हडकुळा, मरतुकडा माणूस दिसतो. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्ही चित्रात जो धिप्पाड क्लार्क पाहिला तो ऑफिसातल्या कुणाला तसा दिसतच नव्हता! मग टीव्हीच्या कॅमेऱ्यातून काय, फोटोत काय, हे प्रश्न लगेच उभे राहतात. एक भोक बुजवायला गेले आणि चार पाडून ठेवली. नंतर ही आयडिया गुपचूप सोडून दिली. नातवाला सांगा, नुसता चष्मा होता तेच बरं होतं.

प्रश्न : बायकांबद्दल लिहा ना. मला वंडर वुमन आवडते पण जुने अंक वाचले की हसू कमी आणि राग जास्त येतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : राग येणारच. पण काही जागा अशा आहेत की राग पण येतो आणि खो खो हसू पण येतं. वंडर वुमन १९४१ला आली, विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाची कल्पना, हाच तो माणूस ज्याचं लाय डिटेक्टरच्या सुरुवातीच्या संशोधनात नाव येतं, म्हणून बाईंच्या हातात खरं बोलायला लावणारा दोर. ठीक. पुढच्याच वर्षी तिला जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या टोळीत घेतलं. ही देवांचा आशीर्वाद घेऊन आलेली, हाताने गोळ्या परतवणारी बाई. आणि त्या सोसायटीत ॲटम नावाचा एक मेंबर होता ज्याच्याकडे त्या वेळी कसलीही शक्ती नव्हती, बुटका होता आणि व्यायाम केलेला होता, बस. तर वंडर वुमनला पद काय दिलं असेल? सेक्रेटरी! पुरुष मंडळी युद्धावर आणि ही मिटिंगची नोंदवही सांभाळायला मागे. आणि ती खूश होते हो, मान मिळाला म्हणून. आपल्याकडच्या हौसिंग सोसायटीत सुद्धा सेक्रेटरीला जरा तरी पॉवर असते.

मग १९५६ची बॅटवुमन. वर्थमने बॅटमॅन-रॉबिनच्या एकत्र राहण्यावर नको ते बोट ठेवलं होतं, त्यानंतर दोन वर्षांत ही हजर. बॅटमॅनचा कमरपट्टा तशी हिची खांद्याला पर्स, आणि पर्समधे शस्त्रं म्हणजे पावडरचा डबा, अत्तर, केसांची जाळी (ती मोठी होऊन चोरावर पडते), बांगड्यांच्या बेड्या. ते बघून मला पहिल्यांदा हसू आलं, पण नंतर वाटलं बाई हुशार आहे, जे कायम पर्समधे असतं त्यानेच चोर धरते, वेगळं सामान बाळगायला नको. गोष्टीतला बॅटमॅन मात्र शेवटी तिला समजावतो की हे काम धोक्याचं आहे, तू सोड. ही भाषा ओळखीची वाटत असेल ना.

लॉइस लेनचं स्वतंत्र कॉमिक १९५८ला सुरू झालं, त्याचं नावच 'सुपरमॅनची गर्लफ्रेंड लॉइस लेन'. पहिल्या दर्जाची पत्रकार, आणि दर दुसऱ्या गोष्टीत डोक्यात एकच किडा, लग्न. आणि सुपरमॅन तिला अद्दल घडवायला असे असे खेळ करतो की आजच्या काळात एचआरने बोलावलं असतं.

प्रश्न : हे सगळं डीसीचं झालं. मार्व्हल पहिल्यापासून मॅच्युअर होतं. सहमत? (एक कट्टर मार्व्हल फॅन, नागपूर)

उत्तर : गायी.

सविस्तर सांगते. 'फँटास्टिक फोर'चा दुसरा अंक, जानेवारी १९६२, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी, म्हणजे कुणी ऐरेगैरे नाहीत. स्क्रल नावाचे रूप बदलणारे परग्रहवासी पृथ्वीवर हल्ला करायला आलेत. फँटास्टिक फोरचा म्होरक्या, जगातला सगळ्यात बुद्धिमान माणूस रीड रिचर्ड्स त्यांच्या मुख्य यानावर जातो, आणि त्यांना घाबरवायला म्हणून पृथ्वीच्या सैन्याचे फोटो दाखवतो. ते फोटो कसले? कॉमिक्समधून कापलेली राक्षसांची चित्रं! आणि कुठली कॉमिक्स, तर 'स्ट्रेंज टेल्स' आणि 'जर्नी इन्टू मिस्टरी', म्हणजे त्याच कंपनीची. आक्रमण पण परतवलं आणि जाहिरात पण झाली. आकाशगंगा पार करून आलेला तो सेनापती ही कात्रणं बघतो आणि घाबरून परत जातो. मग पृथ्वीवर मागे राहिलेल्या स्क्रलांचं काय करायचं, तुरुंगात ठेवून उपयोग नाही, ते रूप बदलून निसटणार. तर रीड त्यांना सांगतो की गायी व्हा, आणि संमोहित करून टाकतो की तुम्ही गायीच आहात, विसरा बाकी सगळं. शेवटच्या चित्रात त्या शांतपणे गवत खातायत. संपली गोष्ट.

आणि मार्व्हलवाल्यांचा खरेपणा असा की त्यांनी हे पुढे सोडून नाही दिलं. १९७१च्या क्री-स्क्रल युद्धाच्या (क्री हे स्क्रलांचे परग्रहावरचेच वैरी) मोठ्या मालिकेत त्या गायी परत आल्या. १९८३ला जॉन बर्न या लेखक-चित्रकाराने अजून एक प्रश्न काढला, जो कुठल्याही गाववाल्याला पहिल्या दिवशी पडला असता, की बाबा त्या गायींचं दूध कोण पीत होतं? आणि त्यावर अख्खा वार्षिक अंक लिहिला, दूध पिऊन गावातल्या लोकांचं काय झालं त्याचा. आता याला मॅच्युअर म्हणायचं असेल तर मी सहमत.

बाकी किरकोळ. स्टॅन ली एकाच वेळी ढीगभर कॉमिक्स लिहायचा आणि नावं लक्षात राहावीत म्हणून नाव-आडनाव एकाच अक्षराने सुरू करायचा, पीटर पार्कर (म्हणजे स्पायडर-मॅन), ब्रूस बॅनर (म्हणजे हल्क). तरीपण १९६३च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या पहिल्याच अंकात पीटरचं आडनाव मधेच पामर झालंय, आणि १९६४ला ब्रूस बॅनर 'बॉब बॅनर' झाला. वाचकांनी पत्रं पाठवून धुतलं, तर त्याने काय करावं, जाहीर केलं की पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे, रॉबर्टला घरात बॉब म्हणतात, त्यात काय. आजपण तेच नाव अधिकृत आहे. हल्क तर मुळात राखाडी होता, मे १९६२चा पहिला अंक बघा, पण त्या काळच्या स्वस्त छपाईत राखाडी रंग काही जमेना, एका पानावर काळपट, दुसऱ्यावर भलतंच काही, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. गोष्टीत कारण वगैरे काही नाही, रंगच बदलला.

अशा चुका शोधून वर त्यांचं पटेल असं स्पष्टीकरणही देणाऱ्या वाचकाला मार्व्हल 'नो-प्राइझ' द्यायचं. घरी एक पाकीट यायचं, त्यावर छापलेलं की अभिनंदन, या पाकिटात तुम्ही जिंकलेलं अस्सल नो-प्राइझ आहे. आत काहीच नाही, रिकामं. आणि लोक पत्र लिहून तक्रार करायचे की आमच्या पाकिटातून बक्षीस पडलं वाटतं! या सदराच्या संपादकांना ही योजना मी सुचवलेली आहे, पोस्टेज परवडत नाही म्हणतात.

प्रश्न : बॅटमॅनची जुनी टीव्ही सिरियल पण अशीच हसवते. मग ती पण चुकूनच का? (एक वाचक, बडोदा)

उत्तर : नाही, ती पूर्ण मुद्दाम. जानेवारी १९६६ला अमेरिकेतल्या एबीसी चॅनेलवर सुरू झाली, १९६८पर्यंत १२० भाग. त्यांनी फक्त एवढंच केलं की कॉमिक्समधली वाक्यं बॅटमॅन झालेल्या ॲडम वेस्टला तशीच्या तशी, कपाळाला आठी घालून बोलायला लावली. पोरांना थरार वाटायचा आणि आईबाप हसून लोळायचे. उलट गंमत म्हणजे कॉमिक्समधे तेव्हा सुधारणा चालली होती, १९६४ला श्वार्ट्झने बॅटमॅन हातात घेऊन परग्रहवासी, कुत्रा, बॅटवुमन सगळ्यांना नारळ दिला होता. तेवढ्यात सिरियल हिट झाली आणि कॉमिक्स परत चाळ्यांवर आली. १९६६लाच इरेझर नावाचा व्हिलन निघाला, डोक्यावर पेन्सिलीच्या मागचं खोडरबर, धंदा म्हणजे दुसऱ्या चोरांनी मागे सोडलेले पुरावे पुसून देणं.

पण खरं सांगू का, मुद्दाम केलेलं बघून मी दोन भागांत दमते. पोल्का डॉट मॅन १९६२चा, सिरियलच्या आधीचा, अंगावर रंगीत ठिपके, एकेक ठिपका काढून फेकला की त्याचं काहीतरी हत्यार होतं, आणि हे सगळं गंभीर चेहऱ्याने. तो मी कितीही वेळा वाचू शकते.

प्रश्न : आमच्या वेताळाला हसू नका एवढीच विनंती. इंद्रजालचे अंक मी अजून ट्रंकेत जपून ठेवलेत. (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : सर, वेताळाला, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमला, कोण हसेल, त्याच्या अंगठीची कवटी गालावर उमटली तर जन्मभर जात नाही. पण तुम्हीच सांगा, घनदाट गरम जंगलात डोक्यापासून पायापर्यंत घट्ट जांभळा सूट? वेताळाचा जनक ली फॉक, त्याच्या मनात म्हणे राखाडी होता, १९३६ला पट्टी सुरू झाली ती काळ्यापांढऱ्यात, आणि १९३९ला रविवारची रंगीत पट्टी आली तेव्हा जांभळा झाला. इटलीत तर लाल आहे. शहरात जाताना त्या सूटवरूनच लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा चढवून, बरोबर लांडगा घेऊन तो लोकांत मिसळतो, आणि कुणी वळून बघत नाही. इंद्रजालवाल्यांनी १९६४ला सुरुवात केली तेव्हा मूळचं 'बेंगाली' हे देशाचं नाव आपल्याकडे गोंधळ करेल म्हणून देंकाली केलं, ते शहाणपणाचंच होतं. आणि ते ईडनचं बेट आठवतं का, जिथे वाघ-सिंह हरणांबरोबर गुण्यागोविंदाने राहतात कारण त्यांना लहानपणापासून मासे खायची सवय लावलीय? लहानपणी मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. कोकणातली मांजरं पाहिलेल्या माणसाला खटकणारही नाही. ट्रंकेत डांबरगोळ्या टाका, अंक विकू नका.

प्रश्न : जुन्या कॉमिक्समधे वंशद्वेष पण भरपूर आहे. त्याला पण 'नकळत विनोद' म्हणून हसायचं का? (एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : नाही. 'ब्लॅकहॉक' १९४१चं, शूर वैमानिकांची टोळी, सगळे रुबाबदार गणवेशात, आणि त्यातला एकमेव चिनी, चॉप-चॉप, बुटका, दात पुढे, हातात खाटकाचा सुरा, काम स्वयंपाक्याचं. ते तेव्हा मुद्दाम हसवायला काढलेलं होतं आणि आज त्यातलं काहीच हसवत नाही. १९६५ला वंडर वुमनच्या अंकात एग फू नावाचं मिशीवालं अवाढव्य चिनी अंडं आलं, तिथेही माझं तेच होतं, अंडं बघून ओठ हलतात आणि मग त्याची बोली वाचून अवघडल्यासारखं होतं.

अडचण होते ती नोव्हेंबर १९७०च्या लॉइस लेन अंक १०६ची. कृष्णवर्णीय वस्तीत लॉइसशी कुणी बोलायला तयार नाही, मग ती सुपरमॅनच्या यंत्राने एका दिवसासाठी स्वतः कृष्णवर्णीय होते. रोजचा ओळखीचा टॅक्सीवाला तिला बघून न थांबता निघून जातो, ते पान आजही टोचतं. हेतू शंभर टक्के चांगला होता, पण एका यंत्राच्या पेटीत शिरून चोवीस तासांत हा अनुभव घेऊन यायचा ही कल्पनाच अशी की वाचताना हसू आणि संकोच एकमेकांच्या पायात पाय घालतात. मी या अंकाला हसत नाही, पण टाळतही नाही.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? एकच गोष्ट सांगा, जास्त नको. (एक घाईतला वाचक, पणजी)

उत्तर : 'फ्लॅश' अंक ११०, १९५९ संपता संपता आलेला. त्यात किड फ्लॅशचा जन्म आहे.

आधीचं एवढंच माहीत असू द्या की बॅरी ॲलन हा पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करायचा, १९५६ला तिथल्या रसायनांच्या कपाटावर वीज पडली, रसायनं अंगावर उडाली आणि तो जगातला सगळ्यात वेगवान माणूस झाला. लाखात एक घडेल असा अपघात. आता या अंकात त्याच्या होणाऱ्या बायकोचा भाचा वॉली येतो, फ्लॅशचा जबरी फॅन. फ्लॅश त्याला त्याच प्रयोगशाळेत घेऊन जातो आणि कौतुकाने दाखवतो की हे बघ, मी अस्साच इथे उभा होतो, मागे हे रसायनांचं कपाट होतं, बाहेर असंच वादळ होतं, आणि खिडकीतून वीज आली. हे वाक्य तोंडात असतानाच खिडकीतून वीज येते, त्याच कपाटावर पडते, रसायनं पोराच्या अंगावर, पोरगं फ्लॅश. दोघांना दोन मिनिटं आश्चर्य वाटतं, मग लगेच पळण्याची प्रॅक्टिस सुरू.

लेखकाला दुसरा अपघात शोधायचा कंटाळा आला असेल, नाहीतर डेडलाइन उद्याची असेल. पण १९८५-८६च्या मोठ्या उलथापालथीत बॅरी मेला तेव्हा फ्लॅशचा पोशाख याच वॉलीने चढवला आणि पुढे वीसेक वर्षं तोच फ्लॅश होता, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांना आजही बॅरीपेक्षा तोच आवडतो.

(पुढच्या अंकात गुडघेदुखी आणि कढीपत्ता. नक्की.)